माय, माइन, धिस, दॅट : तक्ता पाठ असतो, मग वाक्यात का चुकतं?

रेघोट्या

नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते. माय-माइन, युअर-युअर्स, हर-हर्स हा तक्ता जवळपास सगळ्यांना पाठ असतो. धिसचं अनेकवचन दीज आणि दॅटचं दोज, हेही कोणी चुकवत नाही. तरी मेल लिहायला बसलं की चुका होतात, आणि त्या ठरावीक जागीच होतात. या जागा नीट पाहिल्या तर दिसतं, की चूक इंग्रजी येत नाही म्हणून कमी आणि मराठी अंगात मुरलेली आहे म्हणून जास्त होते. मराठीत जे बरोबर आहे, सभ्यही आहे, ते जसंच्या तसं इंग्रजीत गेलं की वाक्याचा अर्थच बदलतो. म्हणून इथे तक्ता देत नाही. तो कुठेही मिळेल. मला या जागांबद्दल बोलायचं आहे.

सगळ्यात मोठी जागा आदरार्थी बहुवचनाची. 'वडिलांनी त्यांची गाडी विकली' हे वाक्य बरेच जण 'माय फादर सोल्ड देअर कार' असं करतात. इंग्रजी वाचणाऱ्याला यातून कळतं ते असं, की वडिलांनी भलत्याच लोकांची गाडी परस्पर विकली. इंग्रजीत 'देअर' आदर दाखवत नाही, माणसं एकाहून जास्त आहेत एवढंच सांगतो. वडील कितीही पूज्य असले तरी 'हिज कार'. बाईंची फाइल 'हर फाइल'. 'हिज' लिहिताना एकेरीवर आल्यासारखं वाटतं आणि हात अडखळतो, हे मी वर्गात सतत बघते. पण इंग्रजीत आदर सर्वनामातून व्यक्त होत नाही. तो 'मिस्टर'मधून, 'वुड यू'मधून, एकूण स्वरातून कळतो. सर्वनामात तो शोधूच नये.

दुसरी जागा 'आमचा'. 'आमची आई म्हणते' हे आपण एकट्यानेही म्हणतो, त्यात घराची आपुलकी असते. सहकाऱ्याला मात्र 'अवर मदर सेज' म्हटलं तर तो गोंधळतो, कारण 'अवर'मध्ये आणखी कोणीतरी आहे आणि ते कोण हे त्याला कळत नाही. शेजारी सख्खा भाऊ उभा असेल तर 'अवर मदर' ठीक. नाहीतर 'माय मदर'. 'अवर हाउस' चालतं, कारण घरात राहणारे अनेक असतात. 'आमच्या मुलाने' असं आई किंवा बाबा दोघांच्या वतीने बोलत असतील तर 'अवर सन'ही चालतं. एक अडचण उलट्या बाजूनेही आहे. मराठीत 'आमचं' आणि 'आपलं' वेगळं आहे. 'आमची मीटिंग' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपली मीटिंग' म्हटलं की आत येतो. इंग्रजीत दोन्हींना 'अवर'. त्यामुळे समोरच्याने मीटिंगला यायचं आहे की नाही, हे 'अवर मीटिंग' एवढ्यावरून कळत नाही. ते वेगळं सांगावं लागतं.

तिसरी जागा म्हणजे मराठीत मालकी न बोलताच समजते ती. 'मी हात धुतले', 'तिने डोळे मिटले', 'त्याने खिशात हात घातला'. कोणाचे हात, हे विचारावं लागत नाही. इंग्रजीत मात्र 'आय वॉश्ड माय हँड्स', 'शी क्लोज्ड हर आइज', 'ही पुट हिज हँड इन हिज पॉकेट'. 'आय वॉश्ड हँड्स' तिथे उघडंबोडकं वाटतं. शरीर, कपडे, जवळच्या वस्तू यांच्याआधी मालकीचा शब्द जवळजवळ नेहमीच येतो.

तुम्हाला अडलेल्या जागा इथे लिहा. एकेक पाहू.

टिंब

फार उपयोगी धागा. आदरार्थीचा मुद्दा कोणी असा सांगितलाच नव्हता.

माझा प्रश्न हिज आणि हरचा. 'तो त्याच्या आईवर प्रेम करतो' याचं 'ही लव्हज हर मदर' असं बोलताना हटकून तोंडात येतं. आई बाई आहे म्हणून 'हर'. नियम माहीत आहे, पण बोलायच्या वेगात टिकत नाही. काय करावं?

रेघोट्या

टिंब, मराठीचा 'तिचा' हा शब्द फोडून बघा. 'ति' हा भाग मालकीण सांगतो, 'चा' हा भाग पुढच्या नामाचं लिंग सांगतो. 'तिचा भाऊ', 'तिची बहीण', 'तिचं घर', 'तिचे मित्र'. पहिला भाग हलत नाही, शेपूट बदलत राहतं. इंग्रजीने फक्त पहिला भाग ठेवला, शेपूट टाकून दिलं. 'हर ब्रदर, हर सिस्टर, हर हाउस, हर फ्रेंड्स', सगळीकडे तेच. आपला कान शेपटाकडे लागलेला असतो, म्हणून पुढे 'आई' आली की 'हर' निघतं.

सरावासाठी पुढचं नाम बघायचंच नाही. मागे वळून मालक कोण ते बघायचं. एकच मालक धरून दहा नामं पटापट म्हणा: हिज मदर, हिज वाइफ, हिज डॉटर, हिज आँट. मुद्दाम बायकांचीच नाती घ्या. कान त्याला सरावला की चूक कमी होते.

उंबरठा

यालाच लागून. 'हर' दोन ठिकाणी येतो, 'हर बुक' आणि 'आय नो हर'. आणि 'हिज' दोन ठिकाणी येतो, 'हिज बुक' आणि 'द बुक इज हिज'. मग विशेषण कुठलं, सर्वनाम कुठलं?

रेघोट्या

शंका आली की त्या जागी दुसऱ्या लिंगाचा शब्द घालून बघा. 'आय नो हर' इथे पुरुष असता तर 'हिम' आलं असतं, म्हणजे हा 'हर' कर्म आहे. 'हर बुक' इथे 'हिज' आलं असतं, म्हणजे मालकीचा. 'द बुक इज हिज' इथे बाई असती तर 'हर्स' आलं असतं, म्हणजे हा एकटा उभा राहणारा 'हिज'. इंग्रजीने इथे शब्दांची काटकसर केली आहे, पण ती दोन्ही लिंगांत वेगवेगळ्या जागी केली आहे. म्हणून एक दुसऱ्याची परीक्षा घेऊ शकतो.

अनवट

थोडा विरोध नोंदवतो. विशेषण की सर्वनाम हे मोठ्या माणसांना शिकवूच नये असं माझं मत आहे. आधुनिक व्याकरणकारांमध्येच यावर एकमत नाही. माय, युअर, धिस यांना आता बरेच जण विशेषण म्हणतच नाहीत, त्यांचा निर्धारक असा वेगळा गट करतात. कारण खऱ्या विशेषणासारखे ते वागत नाहीत. 'बिग रेड बॉक्स'मध्ये दोन विशेषणं शेजारी बसतात, पण 'धिस माय बॉक्स' चालत नाही. व्याकरणकारांचंच ठरत नाही, तर शिकणाऱ्याच्या डोक्यावर ती नावं कशाला?

रेघोट्या

अनवट, नावांबद्दल तुमचं पटतं. वर्गात मी 'नामाला चिकटणारा' आणि 'एकटा उभा राहणारा' एवढंच म्हणते. पण भेद शिकवावाच लागतो, कारण मराठीत तो नाही. 'हे माझं पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझं', दोन्हीकडे 'माझं' तेच. इंग्रजीत 'माय बुक' आणि 'द बुक इज माइन'. हे सांगितलं नाही तर 'धिस बुक इज माय' असं वाक्य होतं.

आणि तुम्ही दिलेलं 'धिस माय बॉक्स'चं उदाहरण फार मोलाचं आहे. त्यावर वेगळं लिहायला हवं.

पायवाट

ते मी लिहितो, कारण भाषांतराच्या कामात रोज हेच समोर येतं.

मराठीत 'माझं हे पुस्तक', 'तुझा तो मित्र', 'माझा एक मित्र' असं सरळ म्हणता येतं. इंग्रजीत नामाआधी अशा शब्दांची एकच खुर्ची आहे. माय बसला तर धिसला जागा नाही, धिस बसला तर मायला नाही, आणि 'अ'लासुद्धा नाही. मग उरलेल्याला नामामागे 'ऑफ' लावून पाठवायचं, तेही एकटं उभं राहणाऱ्या रूपात: 'धिस बुक ऑफ माइन', 'दॅट फ्रेंड ऑफ युअर्स', 'अ फ्रेंड ऑफ माइन'. 'अ फ्रेंड ऑफ मी' नाही, 'अ फ्रेंड ऑफ हिम' नाही. 'माय वन फ्रेंड' तर नाहीच. त्याचा अर्थ 'मला असलेला एकुलता एक मित्र' असा होतो. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' चालतं, पण मग शेवटी अनेकवचन हवंच. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक फार बोकाळली आहे.

फोटोचं बघा. मराठीत 'माझा फोटो' म्हणजे माझ्या मालकीचा, मी काढलेला किंवा मी ज्यात आहे तो. संदर्भाने कळतं. इंग्रजीत 'अ फोटो ऑफ माइन' म्हणजे माझ्याकडच्या किंवा मी काढलेल्या फोटोंपैकी एक, त्यात कदाचित नुसता डोंगर असेल. 'अ फोटो ऑफ मी' म्हणजे ज्यात माझा चेहरा आहे तो. अर्जासोबत फोटो जोडताना काय लिहायचं, ते यावरून कळेल.

आणखी एक. 'माझ्या दोन्ही बहिणी' हे 'माय बोथ सिस्टर्स' होत नाही. 'बोथ' आणि 'ऑल' हे खुर्चीच्याही पुढे उभे राहतात: 'बोथ माय सिस्टर्स', 'ऑल दीज फाइल्स', 'ऑल अवर वर्क'.

कवडसा

फोटोचं उदाहरण कायमचं लक्षात राहील.

'स्वतःचं'बद्दल विचारायचं होतं. 'ही हॅज ओन कार' असं सगळीकडे ऐकू येतं. बरोबर आहे का?

पायवाट

नाही. 'ओन' एकटा फिरत नाही, त्याच्याआधी मालक लागतोच: 'ही हॅज हिज ओन कार'. 'अॅन ओन कार'ही नाही. 'अ' हवाच असेल तर 'अ कार ऑफ हिज ओन'.

'ओन'चा एक फार चांगला उपयोग मात्र आहे. मराठीतला 'आपला' कर्त्याकडे परत जातो. 'तो आपल्या भावाला घेऊन आला' म्हटलं की भाऊ त्याचाच. इंग्रजीच्या 'हिज'ला ही सोय नाही, तो कोणाकडेही बोट दाखवू शकतो. 'द मॅनेजर टोल्ड द क्लायंट दॅट हिज फाइल वॉज मिसिंग'. फाइल कोणाची? वाक्यावरून सांगता येत नाही. कर्त्याची असेल तर 'हिज ओन फाइल' म्हणा. दुसऱ्याची असेल तर नामच पुन्हा लिहा, 'द क्लायंट्स फाइल'. करारात किंवा तक्रारीच्या पत्रात नाम पुन्हा आल्याने काही बिघडत नाही.

टिंब

'इट्स'चं कोणीतरी एकदाचं सांगा. कुठे अपॉस्ट्रॉफी (शब्दात वर येणारं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह), कुठे नाही?

शाईपेन

टिंब, हा माझा आवडता विषय, म्हणून जरा लांबण लागेल.

नियम छोटा आहे. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं उलगडता आलं तर अपॉस्ट्रॉफी. मालकी असेल तर नाही: 'द कंपनी चेंज्ड इट्स नेम' इथे नाही. गोंधळ होतो कारण नामाला मालकी दाखवायला अपॉस्ट्रॉफी लागतो, मग इट्सला का नाही असं वाटतं. पण यू, शी, वी, इट, दे अशा सर्वनामांच्या मालकीच्या रूपांत तो कुठेच नाही. हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, सगळे त्याच्याविना. पत्राखालच्या 'युअर्स फेथफुली'मध्येसुद्धा नाही.

आता मागचा इतिहास. मालकीचा 'इट्स' हा इंग्रजीतला तसा नवखा शब्द आहे. आधी निर्जीव वस्तूंसाठीही 'हिज'च वापरत. १६११ साली छापलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात मिठाने खारटपणा गमावला तर, हे सांगताना मिठाला 'हिज' लावलं आहे. त्या मूळ छपाईत 'इट्स' हा शब्द सापडत नाही. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागतो आणि सतराव्या शतकात रुळतो. त्यानंतरही बराच काळ, अठराव्या शतकातसुद्धा, तो अपॉस्ट्रॉफी लावून लिहिलेला सापडतो. म्हणजे आज आपण जिला चूक म्हणतो, ती तेव्हा शिकल्या-सवरलेल्या लोकांची नेहमीची पद्धत होती. आजचा नियम मात्र पक्का आहे आणि तो पाळायलाच हवा.

'माय' आणि 'माइन'सुद्धा मुळात एकच शब्द. जुना 'माइन' व्यंजनाआधी 'न' टाकून 'माय' झाला, स्वराआधी बराच काळ 'माइन'च राहिला. 'अ' आणि 'अॅन'मध्ये जे होतं, अगदी तेच. जुन्या कवितेत 'माइन आइज' दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

उंबरठा

शाईपेन, सुंदर माहिती. आता रेघोट्या ताईंना एक प्रश्न. एका माणसासाठी 'देअर' नको असं तुम्ही वर म्हणालात. मग 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर लॅपटॉप' हे इंग्रज लोकच लिहितात, ते कसं?

रेघोट्या

बरं झालं विचारलंत, नाहीतर माझं वरचं म्हणणं अर्धवट राहिलं असतं.

माणूस कोण हे ठरलेलं नसेल, किंवा स्त्री-पुरुष माहीत नसेल, तेव्हा एकवचनी 'देअर' पूर्णपणे योग्य आहे. 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला'. हे आजकालचं फॅड नव्हे, असा वापर चौदाव्या शतकापासून लेखी सापडतो. मधल्या काळात व्याकरणाच्या पुस्तकांनी 'हिज'चा आग्रह धरला, नंतर 'हिज ऑर हर' आलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१९ सालच्या आपल्या लेखननियमांत एकवचनी 'दे'ला स्पष्ट मान्यता दिली. कोणी स्वतःसाठी 'दे' वापरा असं सांगितलं असेल तर त्या व्यक्तीसाठीही 'देअर'च.

आदरापोटी येणारा 'देअर' यात बसत नाही. वडील कोण आहेत हे आपल्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तिथे 'हिज'.

शाईपेन

'देअर'बद्दल एवढंच जोडतो, की दे, देम, देअर हे तिन्ही शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषेतून आले. चौदाव्या शतकातला कवी चॉसर 'दे' वापरतो, पण 'देअर'च्या जागी त्याच्याकडे अजून जुनं 'हिर' हेच रूप आहे. भाषा सर्वनामं सहसा उसनी घेत नाही. इंग्रजीने घेतली.

कवडसा

धिस-दॅटकडे वळूया का? मला 'ते'ची अडचण येते. 'इट' की 'दॅट', कळत नाही.

रेघोट्या

कवडसा, ही अडचण खरी आहे. मराठीचा 'तो, ती, ते' दोन कामं करतो: दूरच्याकडे बोट दाखवतो आणि आधी आलेल्याचा नुसता उल्लेखही करतो. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. बोट दाखवायचं तर 'दॅट', नुसता उल्लेख तर 'इट'. 'व्हॉट्स दॅट?' असं विचारलं तर उत्तर 'इट्स अ स्कॅनर'. बोट प्रश्नातच दाखवून झालं, पुन्हा दाखवायचं कारण नाही. 'धिस इज युअर्स' याच्यामागेही 'इजंट इट?' येतं, 'इजंट धिस?' नाही.

माणसांच्या बाबतीत आणखी जपायला हवं. 'याला विचार' हे मराठीत सहज आहे, पण 'आस्क धिस' म्हणता येत नाही. तिथे 'आस्क हिम'. ओळख करून देताना मात्र 'धिस इज माय ब्रदर' हेच बरोबर, 'ही इज माय ब्रदर' नाही. एकदा ओळख झाली की पुढे 'ही'. फोनवर स्वतःचं नाव सांगतानाही 'धिस इज'. समोरच्याला 'तुम्ही अमुक का?' विचारताना ब्रिटिश माणूस 'इज दॅट' म्हणतो, अमेरिकन 'इज धिस'.

वेळेचंही असंच. 'आज सकाळी' म्हणजे 'धिस मॉर्निंग'. 'टुडे मॉर्निंग' हे मराठीच्या सवयीने होतं. 'हल्ली' म्हणजे 'दीज डेज', त्याआधी 'इन' नाही. 'त्या काळी' म्हणजे 'इन दोज डेज', तिथे 'इन' हवाच.

अनवट

उच्चाराचंही सांगायला हवं. 'धिस' आणि 'दीज' यांत स्वर तर वेगळा आहेच, पण शेवटही वेगळा आहे. पहिल्यात घोगरेपणा नाही, दुसऱ्यात आहे. गळ्यावर बोट ठेवून म्हणा, 'दीज'च्या शेवटी कंप जाणवेल. 'दॅट'चं तर वेगळंच. 'तो' या अर्थी असेल तेव्हा तो पूर्ण 'दॅट' असा ऐकू येतो. 'की' या अर्थी वाक्ये जोडतो तेव्हा 'दट' असा पुसट होतो. 'आय नो दॅट' आणि 'आय नो दट ही लेफ्ट' म्हणून बघा. वेगाने बोललेलं इंग्रजी समजायला याचा मला फार उपयोग झाला.

पायवाट

तुलनेत 'दॅट' विसरतात, तेही नोंदवतो. 'या फोनची बॅटरी जुन्या फोनपेक्षा मोठी आहे' हे मराठीत खटकत नाही. इंग्रजीत 'द बॅटरी ऑफ धिस फोन इज बिगर दॅन द ओल्ड फोन' म्हटलं तर बॅटरी अख्ख्या फोनपेक्षा मोठी होते. 'दॅन दॅट ऑफ द ओल्ड फोन' हवं. नाम अनेकवचनी असेल तर 'दॅन दोज ऑफ'. बोलण्यात 'दॅन द ओल्ड वन्स' एवढं पुरतं, त्यात 'वन' नंतर अपॉस्ट्रॉफी आणि एस.

टिंब

रेघोट्या ताई, शेवटचं. 'माझा पाय मोडला' याचं 'आय ब्रोक माय लेग' करताना मुद्दाम मोडल्यासारखं वाटतं. आणि 'चेंडू त्याच्या डोक्याला लागला' इथे 'हिज हेड' की 'द हेड'?

रेघोट्या

पहिल्यात हेतू नाही, टिंब. अपघाताने मोडला तरी 'आय ब्रोक माय लेग' असंच म्हणतात, बिनधास्त लिहा.

दुसऱ्यात दोन्ही चालतात, पण रचना वेगळी. 'द बॉल हिट हिज हेड' बरोबर आहे. जास्त वेळा मात्र 'द बॉल हिट हिम ऑन द हेड' असं ऐकाल. 'हिम' आल्यामुळे मालक आधीच कळला, म्हणून अवयवाला 'द' पुरतो. 'शी टुक मी बाय द हँड' तसंच. आणि माणसं अनेक असतील तर अवयवही अनेक: 'दे शुक देअर हेड्स'. मराठीत सगळे मिळून 'डोकं हलवतात', इंग्रजीत प्रत्येकाचं डोकं मोजलं जातं.